खंदकात पोचलेली खडीसाखर

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, २६ सप्टेंबर १९१४ रोजी, ब्रिटिश हिंदी फौजेच्या लाहोर डिव्हिजनची जहाजं फ्रान्समधल्या मार्सेय बंदराला लागली. हिंदी शिपाई उतरले, रांगा धरून शहरातून चालू लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी लोटली होती, टाळ्या पडत होत्या, बायका फुलं देत होत्या. त्या दिवसांची छायाचित्रं पाहताना माझं लक्ष मात्र शिपायांच्या कपड्यांकडे जातं. ऑगस्टमध्ये मुंबई आणि कराचीहून निघालेले हे लोक. अंगावर पातळ सुती खाकी. महिन्याभरात त्यांना उत्तर फ्रान्सच्या चिखलात, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं होतं आणि युरोपचा हिवाळा म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या बहुतेकांनी ऐकलंही नव्हतं.

या फौजेत आपल्या खडकीचे सॅपर्स होते. बॉम्बे सॅपर्स आपण आज म्हणतो. तेव्हाचं नाव थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. मराठे, मुसलमान, शीख असा मिश्र भरणा. पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं हे त्यांचं काम. पण २८ ऑक्टोबरला न्यूव शापेल हे गाव परत घेण्यासाठी माणसं कमी पडली, तेव्हा त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर साध्या पायदळासारखं पुढे धाडलं. गावाच्या गल्ल्यांत घराघरांतून झुंज झाली. मदत आली नाही, मागे फिरावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळपास सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. मुळामुठेच्या काठी पूल बांधायला शिकलेली माणसं अशी परक्या गावाच्या गल्लीत पडली, आणि त्यांच्या घरी ही बातमी पोचायला कित्येक आठवडे गेले.

पुढे जे सांगायचं आहे ते याच माणसांबद्दल. त्यांना कुणी काय पाठवलं, त्यांनी घरी काय लिहिलं, आणि त्या पाठवण्या-लिहिण्यानं त्यांचं नेमकं काय झालं.

मदतीची पहिली हालचाल लंडनमध्ये झाली आणि तिच्यात आपल्या ओळखीची माणसं होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांना भेटायला म्हणून गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून लंडनला निघाले होते. ६ ऑगस्टला पोचले तर युद्ध जाहीर होऊन दोन दिवस झालेले, आणि गोखले पॅरिसमध्ये अडकून पडलेले. लंडनमध्ये लायसियम नावाचा बायकांचा एक क्लब होता. सैनिकांसाठी जमतील तेवढे कपडे शिवून द्यायचे, हे काम त्यानं अंगावर घेतलं होतं. सरोजिनी नायडू त्याच्या सभासद. त्यांनी बेतून कापलेल्या कपड्यांचा ढीगच गांधीजींपुढे टाकला आणि सगळे शिवून परत आणून द्यायला सांगितलं. गांधीजींनी मित्रमंडळींना बसवून जमले तेवढे शिवून दिले. हा प्रसंग त्यांनी स्वतः आत्मकथेत सांगितला आहे. पुढे त्यांनी जमवलेल्या हिंदी स्वयंसेवकांच्या पथकातले लोक नेटलीच्या इस्पितळात जखमी हिंदी शिपायांची शुश्रूषा करायला गेले. युद्धात इंग्रजांना साथ द्यावी की नाही यावर तेव्हाही वाद झाले, आजही होतात. पण थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसाला सदरा शिवून देण्यात वाद घालण्यासारखं काय आहे, असं मला वाटतं. शिवणाऱ्यांनाही तसंच वाटलं असावं.

ऑक्टोबर १९१४मध्ये ऑर्डर ऑफ सेंट जॉन या संस्थेनं इंडियन सोल्जर्स फंड काढला. संयुक्त प्रांताचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट त्याचे अध्यक्ष. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेली बरीच मंडळी या फंडात होती, आणि त्याचा फायदा झाला. त्यांनी गरम कपडे तर धाडलेच, पण त्याबरोबर पागोट्यांचं कापड, मसाले, शिखांसाठी कंगवे आणि कडी, मुसलमानांसाठी कुराणाच्या प्रती असंही सामान गेलं. विलायतेतल्या एखाद्या भल्या बाईनं विणलेले पायमोजे आणि फंडाकडून आलेला कंगवा, दोन्ही उपयोगाचेच. पण कंगवा हातात पडल्यावर शीख शिपायाला जे कळलं ते पायमोज्यांनी कळलं नसतं. पाठवणाऱ्याला आपण कोण हे ठाऊक आहे, एवढं त्यातून कळत होतं.

याच काळात १७ वर्षांच्या राजकन्या मेरीच्या मनात आलं, की आघाडीवरच्या प्रत्येक सैनिकाला आणि खलाशाला नाताळची भेट जावी. आपल्या हातखर्चातून ती द्यायची असा तिचा पहिला विचार होता. ते शक्य नाही हे उघडच होतं. मग तिच्या नावानं जाहीर आवाहन निघालं आणि पैशांचा ओघ सुरू झाला. अखेरीस १,६२,५९१ पौंड जमले. त्यातला मोठा भाग सामान्य माणसांनी दिलेल्या लहान रकमांचा होता.

त्यातून जी डबी तयार झाली ती पितळी. पाच इंच लांब, सव्वातीन इंच रुंद, इंचभराहून जराशी जास्त खोल. झाकणाच्या मधोमध पानांच्या वर्तुळात राजकन्येचा चेहरा, दोन्ही बाजूंना तिच्या नावाचं आद्याक्षर. कडेनं फ्रान्स, रशिया, बेल्जियम, जपान, सर्बिया, माँटेनिग्रो या दोस्त राष्ट्रांची नावं. खाली नाताळ १९१४. झाकण बिजागरीचं, घट्ट बसणारं. आत काय घालायचं यावर समितीनं पुष्कळ डोकं चालवलं. ओढणाऱ्या गोऱ्या सैनिकाला पाइप, तंबाखू, वीस सिगारेटी आणि लायटर. न ओढणाऱ्याला आंबटगोड गोळ्या आणि पत्रं लिहायचं सामान, पेन्सिलीसकट. परिचारिकांना चॉकलेट. प्रत्येक डबीत राजकन्येच्या शुभेच्छांचं एक कार्ड.

आणि हिंदी सैनिकांसाठी वेगळी मांडणी. गुरख्यांना गोऱ्या सैनिकांसारखीच भेट. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांच्या डबीत खडीसाखर आणि मसाल्याचा एक छोटा टिन. बाकीच्या सगळ्या हिंदी सैनिकांना, म्हणजे आपल्या खडकीच्या मराठा सॅपरलाही, सिगारेटींचं पाकीट, खडीसाखर आणि मसाल्याचा टिन.

या मसाल्याबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. हिंदी फौजेच्या शिध्यात आटा, डाळ, तूप, गूळ, मिरची, हळद हे मिळत होतं. लष्कराला माहीत होतं, की हा शिपाई पाव-बिस्किटांवर लढणार नाही. म्हणजे मसाल्याचा तो टिन काही भुकेवरचा उपाय नव्हता. तो सरकारी शिध्याबाहेरचा होता, म्हणूनच त्याला किंमत. शिधा मोजून मिळतो, हक्कानं मिळतो आणि सगळ्यांना सारखा मिळतो. भेट कुणीतरी आठवण ठेवून देतं. खंदकातल्या माणसाला हा फरक चटकन कळतो. कारण तिथं त्याच्याकडची प्रत्येक वस्तू सरकारी असते: कोट सरकारी, बंदूक सरकारी, पायातले बूट सरकारी, आणि मेला तर कफनही सरकारी. त्यात एक पितळी डबी त्याची स्वतःची.

त्या नाताळात चार लाखांहून जास्त डब्या वाटल्या गेल्या. फ्रान्समधल्या हिंदी फौजेला, म्हणजे हिंदी कोअरला, त्या मिळाल्या तेव्हा तिची अवस्था फार वाईट होती. २० डिसेंबरला जर्मनांनी फेस्तुबेर-जिव्हाँशीच्या भागात हिंदी खंदकांखाली सुरुंग उडवले होते. दोन दिवसांच्या लढाईत पलटणीच्या पलटणी खिळखिळ्या झाल्या आणि मग कोअरला मागे विश्रांतीला घेतलं. पुष्कळ शिपायांना डबी मिळाली ती अशा वेळी, शेजारी झोपणारा माणूस नसताना.

नाताळपर्यंत सगळ्यांना पुरवणं अशक्य होतं, म्हणून वाटप पुढे कित्येक वर्षं चाललं. पितळ तोफगोळ्यांसाठी हवं होतं, त्यामुळे टंचाई झाली. अमेरिकेहून मागवलेलं पितळ मे १९१५मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर समुद्रात गेलं. तरी अखेरीस २५ लाखांहून जास्त डब्या वाटल्या गेल्या. खडीसाखर दोन दिवसांत संपली असेल. डब्या पुढे दोन-तीन पिढ्या राहिल्या, अनेकांनी त्या जपून घरी धाडल्या.

एक गोष्ट मात्र सलते. पलटणीबरोबर जे भिस्ती आणि इतर नोकर होते त्यांना मसाल्याचा टिन आणि कार्ड एवढंच मिळालं. पितळी डबी नाही. भिस्ती पखाल घेऊन त्याच गोळीबारातून पाणी पोचवत होता, त्याच चिखलात उभा होता. हिशेब ठेवणाऱ्यांनी त्याला वेगळ्या रकान्यात टाकलं. ज्या समितीनं शिखाला सिगारेट जाऊ नये इतका बारीक विचार केला, तिला भिस्तीचं मन का कळलं नाही? भेटीनं माणूस सुखावतो, हे खरं असेल तर वगळल्यानं तो दुखावतो, हेही तितकंच खरं. आजही पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, सफाई कामगार यांचे सत्कार होतात तेव्हा कोण व्यासपीठावर आणि कोण खाली, हे आधी नीट पाहावं.

आता पत्रांकडे येतो. १९१५च्या सुरुवातीला फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. बहुतेकांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. पलटणीतला एखादा लिहिता गडी किंवा इस्पितळातला कारकून लिहून द्यायचा. सांगणारा सांगायचा, चार जण ऐकायचे. गावी पत्र पोचलं की तिथंही कुणीतरी वाचून दाखवायचं आणि ओटीवर बसलेले सगळे ऐकायचे. नवरा-बायकोतलं बोलणं असं दोन्ही टोकांना चारचौघांतून जायचं. त्यामुळे या पत्रांत ख्यालीखुशाली, जनावरं, पीकपाणी, कर्जाचे हप्ते, कुणाचं लग्न ठरलं हे भरपूर. मनातलं दुःख ओळींच्या मध्ये शोधावं लागतं.

या पत्रांना आणखी एक वाचक होता. इंग्रज राजवट उलथवू पाहणाऱ्या गदर पक्षाचं साहित्य फौजेत शिरेल या भीतीनं १९१४च्या अखेरीस सरकारनं हिंदी टपालासाठी सेन्सॉर नेमला. कॅप्टन ई. बी. हॉवेल त्याचा प्रमुख. फ्रान्सच्या किनाऱ्यावर बोलोन इथं बसून तो आणि त्याचे मोजके सहकारी उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांतली पत्रं चाळायचे, निवडक उतारे इंग्रजीत उतरवायचे आणि अहवाल करून वर पाठवायचे. पत्रं अडवायचं काम त्यांनी तुलनेनं कमी केलं. ती वाचून फौजेचं मन जोखायचं, हा मुख्य हेतू.

शिपायांना हे लवकरच कळलं. मग लिहिण्यात खुबी आली. काळी मिरी संपत आली आणि आता लाल मिरची वापरतायत, असं कुणी लिहिलं तर गावातल्या शहाण्याला कळायचं, की हिंदी शिपाई मोठ्या संख्येनं पडले आणि आता गोरे पुढे धाडतायत. जेवणातली मिरी-मिरची अशी मृत्यूची खबर सांगायला उपयोगी पडली.

हॉवेल बारकाईनं वाचणारा माणूस होता. जानेवारी १९१५च्या सुमारास त्याला दिसलं, की जखमी शिपायांच्या पत्रांत कविता वाढू लागल्या आहेत. हे लक्षण चांगलं नाही, माणसांची मनं आतून अस्वस्थ झाली आहेत, असा त्यानं अर्थ लावला. तो बरोबरच होता. या शिपायांचं मुख्य गाऱ्हाणं एकच होतं. एकदा जखमी होऊन बरा झालेला माणूस पुन्हा खंदकात का धाडता? आमचं रक्त सांडून झालं, आता घरी जाऊ द्या. त्यांच्या समजुतीप्रमाणे जखम झाली की कर्तव्य फिटलं. लष्कराच्या हिशेबात ते कधीच फिटत नव्हतं. निराशा इतकी वाढली, की काही शिपाई घरून अंगावर फोड उठवणाऱ्या बिया मागवू लागले. आपल्याकडच्या बिब्ब्याचा गुण ज्यांना माहीत आहे त्यांना यामागचं डोकं कळेल. घरच्या पार्सलातून तूप, मिठाई यायची, तशी ही सुटकेची बीही यायची. दोन्ही पाठवणारी माणसं एकच, आणि दोन्हींमागची माया एकच.

म्हणून भेटवस्तूंचं मोल सांगताना मर्यादाही सांगायला हवी. खडीसाखरेनं, गरम बंडीनं, राजकन्येच्या कार्डानं माणूस एक दिवस, एक आठवडा तग धरतो. त्याला ज्या गोष्टीची खरी गरज आहे ती नाकारून वर भेटींचा वर्षाव केला, तर त्या भेटी त्याला पुरत नाहीत. १९१५च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवलं गेलं. त्यामागे लष्करी कारणं बरीच होती. पण शिपायांचं मन आता कुठं पोचलं आहे, हे सरकारला पत्रांतूनच कळलेलं होतं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात भेटी आणि नकार या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. तिथला रॉयल पॅव्हिलियन हा घुमट-मिनारांचा जुना राजवाडा डिसेंबर १९१४पासून हिंदी जखमींचं इस्पितळ झाला. झुंबरांखाली खाटा लागल्या. वेगवेगळ्या जाती-धर्मांसाठी नऊ स्वयंपाकघरं झाली, पाण्याचे नळ हिंदू-मुसलमानांचे वेगळे. गावातले लोक शिपायांना बघायला, त्यांना काहीबाही द्यायला उत्सुक असायचे. तिथून गेलेल्या पत्रांत जेवणाची, बिछान्याची, बादशहानं येऊन विचारपूस केल्याची तोंड भरून तारीफ आहे. सेन्सॉर वाचणार हे माहीत असल्यानं ती केली, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. ज्याला गावात सावकारापुढे जोडे काढून उभं राहावं लागलं, त्याला राजवाड्यात झोपवून औषधपाणी मिळालं तर तो मनापासून लिहीलच. पण त्याच शहरातल्या किचनर इस्पितळाला काटेरी तारांचं कुंपण होतं आणि शिपायांनी मोकळेपणानं गावात फिरू नये, बायकांशी बोलू नये म्हणून पहारा होता. ही कोंडी त्यांना सहन होत नव्हती. भेटी देणारा हात आणि कुंपण घालणारा हात एकाच सरकारचा होता, आणि शिपायाला दोन्ही दिसत होते.

मराठी वाचकाला अधिक जवळची आणि अधिक कठीण हकिगत मेसोपोटेमियाची. आजचा इराक. तिथं गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. कोकण आणि देशावरची माणसं. एप्रिल १९१५मध्ये शैबाच्या लढाईत मराठे नावाजले. नोव्हेंबरमध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी हानी झाली आणि जनरल टाउनशेंडच्या हाताखालची ही फौज मागे फिरून कूत-अल-अमारा या गावात शिरली. ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांनी वेढा घातला.

इकडे मुंबईत बॉम्बे प्रेसिडेन्सी वॉर अँड रिलीफ फंडाची महिला शाखा काम करत होती. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन तिच्या अध्यक्ष, आणि सर्व समाजांतल्या बायका तिच्यात होत्या. कपडे शिवून, इस्पितळांसाठी आणि पलटणींसाठी सामान बांधून मुंबईच्या गोदीतून धाडलं जाई. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तर एक सबंध जहाज घेऊन त्याचं इस्पितळ करून दिलं. लॉयल्टी असं त्याचं नाव. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती आणि हातही आखडलेला नव्हता.

अडलं ते मेसोपोटेमियाच्या बसरा बंदरात. तिथं नीट धक्के नव्हते. जहाजं माल उतरवायला आठवडेच्या आठवडे नदीत उभी राहत. पुढे टायग्रिसमधून वर जायला बोटी अपुऱ्या. ज्या होत्या त्यांत दारूगोळा आधी, मग शिधा, मग औषधं. टेसिफोनचे जखमी उघड्या बोटींवर, कित्येक दिवस पट्टी न बदलता बसऱ्याला आले. इतक्या वाईट अवस्थेत, की पुढे त्यावर चौकशी आयोग बसला आणि त्याच्या १९१७च्या अहवालानं इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. मुंबईत प्रेमानं बांधलेलं गाठोडं बसऱ्याच्या किनाऱ्यावर पडून राहिलं तर त्याचा शिपायाला काय उपयोग? भेट म्हणजे वस्तू, आणि ती पोचवण्याची व्यवस्था. दुसरी नसेल तर पहिलीला अर्थ नाही. पूर आला, भूकंप झाला की आपण कपड्यांचे ढीग पाठवतो आणि ते तालुक्याच्या गोदामात कुजतात, कारण तेच.

कूतच्या आत माणसं हळूहळू उपाशी पडत होती. घोडे मारून खायची वेळ आली. हिंदी शिपायांनी बराच काळ ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवली, तरी पुष्कळांनी एप्रिलपर्यंत तोंड लावलं नाही. गावी परतल्यावर जातीत काय म्हणतील, ही धास्ती. ताज्या अन्नाअभावी हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग त्यांच्यात फैलावला. शिपाई शेताच्या कडेचा पाला खुडून शिजवू लागले. तंबाखू संपली तेव्हा वाळलेली पानं ओढली. धान्य होतं तर दळायला साधन नव्हतं, म्हणून विमानातून चक्कीचे दगड टाकले गेले. आकाशातून जात्याची पाळ पडावी आणि खाली मराठा शिपायानं ती उचलून पीठ काढावं, हे चित्र मी विसरू शकत नाही. एप्रिलमध्ये विमानांनी पिठाची पोती टाकायला सुरुवात केली. वेढलेल्या फौजेला विमानातून रसद टाकण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. पण विमानं थोडी, ओझं थोडं. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. २४ एप्रिलला जुलनार नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन रात्री वेढा फोडून येऊ पाहत होती, तीही तुर्कांच्या हाती लागली. जवळपास पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ला, कूत पडलं. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी.

त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. हजारो मेली. कित्येक महिने घरच्यांना काहीच कळत नव्हतं. नाव, गाव, जिवंत की मेला, काही नाही. फ्रान्सच्या खंदकातला शिपाई निराश होता, पण त्याची निराशा लिहून घरी पोचत होती. इथं तेही तुटलं. पोस्टमन गावात यायचा आणि अमक्याच्या घरापुढून सरळ निघून जायचा, असे महिने ज्या घरांनी काढले त्यांचं दुःख कुठल्याच अहवालात नाही.

या कैद्यांत कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली लष्करी डॉक्टर होते. युद्धातून ते आईला नेमानं पत्रं लिहीत. १९१७मध्ये रास-अल-ऐनला, रोग्यांची सेवा करताना ते वारले. त्यांच्या आजी मोक्षदादेवींनी म्हातारपणी, वयाच्या ऐंशीच्या घरात, नातवाची पत्रं गोळा करून १९२८मध्ये बंगालीत ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक काढलं. त्या पत्रांत लढाईचं वर्णन आहे आणि युद्धाबद्दलचा, साम्राज्याबद्दलचा संतापही आहे. एका आजीनं कागद टाकून दिले नाहीत म्हणून मेसोपोटेमियाच्या मोहिमेकडे हिंदी डोळ्यांनी पाहणारा असा दस्तऐवज आपल्याला मिळाला.

या साऱ्यातून कुणी काही शिकलं का? थोडं शिकलं. दुसऱ्या महायुद्धात, २१ जून १९४२ला तोब्रुक पडलं तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन जर्मन-इटालियन सैन्याच्या हाती सापडली. मराठे पुन्हा कैदेत गेले. पण या वेळी लंडनमध्ये इंडियन कम्फर्ट्स फंड उभा होता. हिंदी कैद्यांसाठी तो वेगळी पार्सलं बांधत होता, आणि त्यांत आटा, डाळ, तूप, मसाला होता. रेड क्रॉसमार्फत ती इटली-जर्मनीच्या छावण्यांत पोचतही होती. १९१६च्या कैद्याला जे मिळालं नाही ते १९४२च्या कैद्याला मिळालं. युरोपातल्या छावणीत डाळ शिजल्याचा वास आला तेव्हा त्या माणसांना काय वाटलं असेल, याची कल्पना ज्याला महिनाभर परमुलखात परकं अन्न खावं लागलं आहे तो करू शकेल.

शेवटी एक विनंती. हॉवेलच्या कचेरीनं उतरवून घेतलेली मराठी शिपायांची पत्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ती इंग्रजीत. मूळ मराठी कागद सेन्सॉरच्या हातून सुटून पुढे गेले होते: सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुण्याकडच्या गावांत. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. तेव्हाची पत्रं, पोस्टकार्डं, पदकं, डब्या अजून कुठल्यातरी माळ्यावर, ट्रंकेत असणार. घर पाडून नवं बांधताना हे सगळं रद्दीत आणि मोडीत जातं. तुमच्याकडे असं काही असेल तर टाकू नका. पत्रांची छायाचित्रं काढून ठेवा, कुणाचं कुणाला आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्या, आणि एक प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा राज्याच्या पुराभिलेखागाराकडे द्या.